मराठी सिनेमाचा एक तरी खेळ मराठी अक्षरांसह व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही महिने आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एकच विषय गाजतो आहे. महाराष्ट्रात येऊन राहिलेल्यांनी मराठी शिकलीच पाहिजे, ही एक बाजू. सक्तीने भाषा येत नसते, ही दुसरी. रिक्षावाले, बँकेतले कर्मचारी, सोसायटीचे वॉचमन, सगळ्यांचा यथेच्छ उद्धार होऊन झाला. पण ज्याची शिकायची तयारी आहे त्याने कामावरून दमून आल्यावर मराठी ऐकायला आणि वाचायला जायचं कुठे, यावर कुणी चार ओळी लिहिलेल्या मला दिसल्या नाहीत.

मी मूळची मिरजेची. नवऱ्याच्या नोकरीमुळे बरीच वर्षं जपानमध्ये हामामात्सु या शहरात राहते. म्हणजे परप्रांतीयसुद्धा नाही, थेट परदेशी. इथली भाषा मला यायला हवी अशी अपेक्षा माझ्याकडून रोज केली जाते आणि ती रास्त आहे असंच माझं मत आहे. माझी मागणी आधीच सांगून टाकते. थिएटरात लागणाऱ्या प्रत्येक मराठी चित्रपटाचा आठवड्यातून निदान एक खेळ मराठी सबटायटलसह व्हावा. इंग्रजी नव्हे, मराठी.

ज्याला मराठी येते त्याला ही अक्षरं नकोत आणि ज्याला येत नाही त्याला ती वाचता येणार नाहीत, मग ती हवीत कुणाला, असं कुणीही म्हणेल. हा हिशोब कुठे गडबडतो ते मला इथल्या थिएटरात बसून कळलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हामामात्सु हे तोक्यो आणि नागोया यांच्या मधलं कारखान्यांचं शहर. सुझुकीच्या गाड्या इथल्या, यामाहा आणि कावाई यांचे पियानो इथले. १९९० साली जपानने इमिग्रेशनचा कायदा बदलला तेव्हापासून जपानी वंशाचे ब्राझीलचे लोक इथे मोठ्या संख्येने कामाला आले. त्यामुळे परदेशी चेहरा दिसला म्हणून इथे कुणी वळून बघत नाही. मी पियानोचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात तपासणीला बसते. (मिरजेची पोरगी शेवटी वाद्यांच्याच गावात जाऊन पडली, यावरून आमच्या सतारमेकर गल्लीत बरीच थट्टा झालेली आहे.) कारखान्यात लागते तेवढी भाषा लवकर आली. चीर गेली आहे, दमट आहे, हा डबा बाजूला ठेवा, उद्या सुट्टी हवी. क्लासमधली भाषाही आली, पण ती इतकी आदबशीर की तशी बोलणारी व्यक्ती क्लासबाहेर मला क्वचितच भेटली. अडत होतं ते मधल्या भाषेवर. जेवणाच्या सुट्टीत बायका आपापसात सुनांबद्दल जे बोलतात, शेजारचे आजोबा कचऱ्याच्या दिवशी जे पुटपुटतात, ती भाषा. ती पुस्तकात नाही आणि आपल्यासाठी कुणी हळू बोलतही नाही.

ती भाषा सिनेमात असते. मिरजेत वाढलेल्या माणसाला सिनेमाला जायला कारण लागत नाही, पण इथे जाताना खिशाचा विचार करावा लागतो. मोठ्या मल्टिप्लेक्समध्ये साधं तिकीट २०२३ च्या जूनपासून २,००० येनांवर गेलं, म्हणजे आपले अकराशे-बाराशे रुपये. म्हणून इथले लोक दिवस बघून जातात. बऱ्याच ठिकाणी बुधवारी तिकीट स्वस्त असतं, रात्रीच्या उशिराच्या खेळाला थोडी सवलत असते, साठी उलटलेल्यांना रोजच सवलत असते. शिवाय महिन्याची १ तारीख. १ डिसेंबर हा इथे ‘सिनेमाचा दिवस’ मानतात, कारण १८९६ च्या नोव्हेंबरअखेरीस कोबे शहरात एडिसनच्या यंत्रातली हलती चित्रं लोकांना पहिल्यांदा दाखवली गेली. त्या निमित्ताची सवलत पुढे दर महिन्याच्या १ तारखेला चिकटली. आमच्याकडे ती तारीख कॅलेंडरवर पगाराच्या तारखेइतकी ठळक केलेली असते.

परदेशी सिनेमा बघायचा तर वाट पाहायची तयारी हवी. ‘ओपनहायमर’ जगभर २०२३ च्या जुलैत लागला, जपानमध्ये २०२४ च्या मार्चअखेरीस. त्याला हिरोशिमा-नागासाकीचं कारण होतं हे उघड आहे, पण ज्यांना असं काही कारण नाही ते सिनेमेही इथे निवांत येतात. आल्यावर त्यांच्या दोन आवृत्त्या असतात: मूळ आवाज आणि खाली जपानी अक्षरं ही एक, जपानीत डब केलेली दुसरी. कुठला खेळ कोणता ते वेळापत्रकात प्रत्येक वेळेपुढे छापलेलं असतं. सुरू व्हायची वेळ आणि संपायची वेळ, दोन्ही. आमच्यासारख्या शहरात दुपारचे सोयीचे खेळ बहुधा डब केलेले आणि मूळ आवाजाचा खेळ रात्री उशिरा, तेव्हा नवरा इंग्रजी आवाजासाठी हट्ट धरतो, मुलगा डबिंगसाठी, आणि मी दोघांना घरी ठेवून जपानी सिनेमाला जाते.

तिथे माझी गाडी अडायची. गोष्ट कळायची, पण माणसं कळायची नाहीत. भांडण कळायचं, टोमणा निसटायचा. म्हातारी बाई पाठमोरी होऊन काहीतरी पुटपुटते आणि सगळं थिएटर हसतं. आपण मागाहून हसावं की गप्प बसावं? विचारायची सोय नाही. मिरजेत शेजारच्याला ‘काय म्हणाला हो?’ असं विचारलं तर तो सांगतो, आणि पुढे काय होणार तेही सांगतो. इथे पॉपकॉर्नसुद्धा लोक दबकत खातात. जपानी प्रेक्षकांच्या या शिस्तीचं कौतुक आपल्या पुरवण्यांत मी अनेकदा वाचलं आहे. कौतुक जरूर करा, पण भाषा शिकणाऱ्यासाठी ती शिस्त फार एकटं पाडणारी आहे हेही कधीतरी लिहा.

मार्ग दाखवला माझ्या कारखान्यातल्या एका साठीतल्या बाईंनी. त्यांच्या यजमानांना कानाला यंत्र लावूनही सिनेमातले संवाद नीट कळत नाहीत. दोघं फक्त ठरावीक खेळांना जातात. जपानी चित्रपट, जपानी आवाज आणि खाली जपानी अक्षरं. वेळापत्रकात त्याही खेळापुढे तसं छापलेलं असतं, मी ते रोज बघत होते आणि आपल्यासाठी नाही म्हणून पुढे जात होते. ‘तू वाचतेस बरं, ऐकायला कच्ची आहेस, आमच्या ह्यांच्यासारखीच की,’ असं त्या म्हणाल्या. कामाच्या ठिकाणी इतकं स्पष्ट बोललेलं जपानी वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं.

तो खेळ मंगळवारी सकाळी होता. रजा टाकून गेले. थिएटर अर्धंसुद्धा भरलेलं नव्हतं. माझ्या पुढच्या रांगेत दोन बायका हातांच्या खुणांनी जोरजोरात गप्पा मारत होत्या; जोरजोरात हाच शब्द बरोबर आहे, कारण एकीचे हात खुर्चीच्या पाठीला आपटत होते. पुढच्या सिनेमांच्या जाहिरातींना अक्षरं नव्हती, तेव्हा पडद्याच्या उजेडात त्यांच्या गप्पा चालूच राहिल्या. मग ती नेहमीची सूचना आली, डोक्याच्या जागी कॅमेरा असलेला चोर नाचतो आणि डोक्याच्या जागी लाल दिवा असलेला पोलिस त्याला धरतो. थिएटरात चित्रण करणं हा २००७ च्या कायद्याने गुन्हा आहे, १० वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटी येनांपर्यंत दंड. ही सूचना इथे प्रत्येक खेळाला असते आणि इथल्या पोरांना त्या चोराची नाचाची पावलं पाठ असतात.

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या दहा मिनिटांतच माझ्या लक्षात आलं की आजवर मी निम्मा सिनेमाच बघत होते. पात्र पडद्याबाहेरून बोललं तर वाक्याआधी कंसात त्याचं नाव येत होतं. शेजारच्या खोलीत फोन वाजला तर कंसात ‘फोन वाजतो’. गाणं सुरू झालं की संगीताची खूण. खिडकी उघडली तर ‘रातकिडे’. आणि ती पाठमोरी पुटपुटणारी म्हातारी! प्रत्येक सिनेमात एक असतेच, यातही होती. तिचं पुटपुटणं अक्षर न् अक्षर खाली उमटलं. सुनेने केलेलं लोणचं किती खारट आहे याबद्दल होतं. आमच्या कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत मी हेच क्रियापद कितीदा ऐकलं होतं, ते असं लिहितात होय, म्हणून मी खुर्चीत सरळ होऊन बसले. एक गंमत आणखी. अशा खेळात अक्षरं आधी उमटतात, नट मागून वाक्य संपवतो, त्यामुळे हशा नेहमीपेक्षा जरासा लवकर येतो. आणि माझं हसू पहिल्यांदाच सगळ्यांच्या हशाबरोबर आलं.

शेवटची नामावली संपून दिवे लागेपर्यंत कुणी उठलं नाही, पण ते इथे नेहमीचंच. बाहेर आल्यावर मी त्या सिनेमाची पुस्तिका घेतली. जवळजवळ प्रत्येक सिनेमाची अशी छापील पुस्तिका थिएटरातच विकायला असते, ८०० ते १,००० येनांना. लहान थिएटरांत लागणाऱ्या काही सिनेमांच्या पुस्तिकांत तर अख्खी पटकथा संवादांसकट छापलेली असते. अंधारात वही उघडता येत नाही. घरी येऊन पुस्तिका उघडायची आणि ऐकलेलं, वाचलेलं पुन्हा शोधायचं, हा माझा अभ्यास. क्लासची फी पुस्तिकेपेक्षा जास्त होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. परदेशी सिनेमाखाली येणारी जपानी अक्षरं आणि ही अक्षरं यांत मोठा फरक असतो. १९३१ साली ‘मोरोक्को’ हा अमेरिकन बोलपट पडद्यावर जपानी अक्षरं छापून दाखवला गेला, तेव्हापासून जपानी प्रेक्षक परदेशी सिनेमा वाचत आले आहेत. (त्याआधी पडद्याशेजारी उभं राहून मूकपटाची गोष्ट रंगवून सांगणारे ‘बेन्शी’ असत, लोक नटापेक्षा त्यांच्या नावावर तिकीट काढत. बोलपटाने त्यांची भाकरी गेली.) तेव्हापासून बसत गेलेला दंडक असा की एका सेकंदाला सुमारे ४ अक्षरं. त्यात पूर्ण वाक्य मावणं शक्यच नाही, म्हणून भाषांतरकार सार लिहितो. सार वाचून भाषा येत नाही. कर्णबधिरांसाठी केलेल्या अक्षरांत मात्र बोललेलं बोलल्याप्रमाणे द्यायचा प्रयत्न असतो: अडखळणं, तोडलेलं वाक्य, बोलीतला शब्द. कानाला येतं तेच डोळ्यासमोर. शिकणाऱ्याला हेच हवं असतं.

याची उलटी बाजूही मी अनुभवली आहे. आपले सिनेमे इथे लागतात. रजनीकांतचा ‘मुथु’ १९९८ मध्ये तोक्योत लागला आणि तिथल्या लोकांना वेड लावून गेला. ‘आरआरआर’ २०२२ च्या ऑक्टोबरात आला आणि त्याने २ अब्ज येनांच्या वर धंदा केला. त्याचे काही खास खेळ असे होते की ओरडा, टाळ्या पिटा, खंजिरी वाजवा, सगळ्याला परवानगी. तेव्हा जपानी माणसाला आरडाओरडा येत नाही असं कुणी समजू नये, त्याला तो तिकिटावर लिहून दिलेला लागतो. पण माझी पंचाईत निराळी. मूळ आवाज तेलुगू, खाली जपानी. मिरजेच्या बाईने हैदराबादचा सिनेमा समजून घ्यायला जपानी अक्षरं वाचायची! शेजारी बसलेल्या जपानी मुलींना वाटत होतं की मला सगळं थेट कळतंय, आणि त्या माझ्याकडे आदराने बघत होत्या. हिंदी सिनेमा असला की मात्र कान हिंदी ऐकतो, डोळा जपानी वाचतो, आणि ‘अरे, याला असं म्हणतात होय’ असं दर पाच मिनिटांनी होतं. खरं सांगते, जपानीतले टोमणे मी बरेचसे हिंदी सिनेमांतून उचलले.

सगळं इथे छान आहे असं मला भासवायचं नाही. अक्षरांसहचे खेळ फार थोडे. मोठा सिनेमा असला तरी तसे खेळ मोजक्या थिएटरांत, मोजके दिवस, आणि बहुधा नोकरदार माणूस कामावर असतो त्या वेळी. माझ्या सहकारी बाई यावर माझ्यापेक्षा जास्त चिडतात. त्यांचं म्हणणं, ‘बहिऱ्या माणसाला नोकरी नसते असं यांना वाटतं का?’ आता फोनवर अ‍ॅप आहेत. सिनेमाचा आवाज ओळखून ते त्याच्याशी वेळ जुळवून घेतात, आणि खास चष्मा लावला तर अक्षरं फक्त लावणाऱ्यालाच दिसतात. अंधांसाठी दृश्याचं वर्णन कानात ऐकवण्याचीही सोय त्यातच असते. २०२४ च्या एप्रिलपासून अपंग व्यक्तींसाठी वाजवी सोय करून देणं खाजगी व्यावसायिकांनाही कायद्याने बंधनकारक झालं. तरी मंगळवारचा सकाळचा खेळ अजून मंगळवारी सकाळीच असतो.

आता आपल्याकडे येते.

मराठी सिनेमा पुण्या-मुंबईच्या मल्टिप्लेक्समध्ये इंग्रजी सबटायटलसह लागतो, हे मला माहीत आहे. अमराठी प्रेक्षक यावा म्हणून ती देतात, आणि तो येतोही. पण तो काय करतो? इंग्रजी वाचतो, गोष्ट समजून घेतो आणि घरी जातो. मराठी त्याच्या कानावरून वाहून जाते. त्याच जागी मराठी अक्षरं असती तर? माझ्यापेक्षा त्याचं काम कितीतरी सोपं आहे, हे लक्षात घ्या. मला दोन वर्णमाला शिकून वर सरकारी यादीतल्या २,१३६ कांजींचा, म्हणजे चिनी वळणाच्या अक्षरचिन्हांचा डोंगर पुढ्यात होता आणि त्याच्या पायथ्याशीच मी अजून घुटमळते आहे. उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, राजस्थानातून आलेल्या माणसाला लिपी आधीच येते. देवनागरी तो शाळेत शिकलेला आहे. अर्ध्याहून अधिक शब्द त्याच्या ओळखीचे. त्याला फक्त कानावर आलेलं ‘कशाला’ आणि ‘कुठला’ डोळ्यासमोर दिसायला हवं. शाळेतल्या मुलांसाठी २०२० मध्ये मराठी सक्तीची करणारा कायदा झाला. त्यांच्या आईबापांसाठी निदान एक खेळ तरी करा.

भाषा सिनेमातून येते हे आमच्या सांगली जिल्ह्याला कुणी सांगायला नको. विटा-खानापूरकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर गेली. माझे एक मामा कोइमतूरला दुकानात बसत; रोज रात्री तमिळ सिनेमा, आणि सकाळी गिऱ्हाइकाशी त्याच थाटात तमिळ. त्यांची तमिळ ऐकून गिऱ्हाइकं हसायची, पण सोनं त्यांच्याकडेच आणायची. मामांना जिथे वर्षं लागली तिथे पडद्यावर अक्षरं असती तर महिने लागले असते, असं त्यांचंच म्हणणं.

दुसरे लोक आपल्याच घरातले. माझ्या वडिलांनी थिएटरात जाणं सोडून बरेच दिवस झाले. गाणी ऐकू येतात, भांडणं ऐकू येतात, हळू बोललेलं काही कळत नाही. हल्लीच्या मराठी सिनेमात नट इतकं स्वाभाविक बोलतात की धडधाकट कानालाही अर्धं कळत नाही, हे वर. ‘तुम्ही बघून या, मी घर राखतो,’ असं ते म्हणतात. असे घर राखणारे मराठी लोक प्रत्येक गल्लीत आहेत. जन्मापासून ऐकू न येणाऱ्यांची तर गोष्टच वेगळी. इंग्रजी न शिकलेल्या कर्णबधिर मराठी माणसाला मराठी सिनेमा जवळजवळ बंदच आहे. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०२४ च्या मार्चमध्ये थिएटरांत कर्णबधिर आणि दृष्टिहीन प्रेक्षकांची सोय व्हावी म्हणून मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. तेव्हा मी काही जगावेगळं मागत नाही.

आणि ही कल्पना जपानहून आयात करायचीही गरज नाही. आवाजाच्याच भाषेतली अक्षरं पडद्यावर दिली की जेमतेम वाचता येणाऱ्याचं वाचन सुधारतं, हे ब्रिज कोठारी अहमदाबादच्या आयआयएममध्ये असल्यापासून कित्येक वर्षं सांगत आले आहेत. १९९९ मध्ये अहमदाबाद दूरदर्शनवर गुजराती गाण्यांखाली गुजराती अक्षरं आली, पुढे ‘चित्रहार’ आणि ‘रंगोली’तल्या हिंदी गाण्यांखाली हिंदी. आमच्या घरी माझी आजी, जी सही करण्यापुरतीच लिहायची, ‘रंगोली’च्या गाण्यांवर बोट फिरवत बसायची.

खर्चाचा मुद्दा निघेल म्हणून लिहिते. संवाद लिहून काढण्याचं काम नव्याने करायचं नाहीच. सेन्सॉरला द्यायच्या संहितेत ते लिहिलेले असतात, इंग्रजी सबटायटल करताना वेळेशी जुळवलेलेही असतात. इंग्रजीच्या जागी मराठी वाक्य बसवून एका वाचकाकडून नीट तपासून घेतलं की झालं. आता रिळं राहिली नाहीत. डिजिटल प्रोजेक्शनवर सकाळी अक्षरांसहची आवृत्ती आणि संध्याकाळी बिनअक्षरांची, हे करता येतं. ज्यांना पडद्यावर अक्षरं आली की रसभंग होतो, त्यांच्यासाठी बाकीचे सगळे खेळ आहेतच. राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देतं. त्याच्या अटींत मराठी सबटायटलची एक ओळ घालायला काय हरकत आहे? मात्र शुद्धलेखन तपासा. पडद्यावर वीस फुटी चुकीची वेलांटी बघून कुणी मराठी शिकायला नको.

वेळेबद्दल माझी एक सूचना आहे, आणि ती मी इथे रजा घालवून शिकले आहे. असा खेळ कामाच्या दिवशी सकाळी टाकू नका. रविवारी दुपारी बारा-साडेबाराचा ठेवा. सुट्टी असते, बसायला जागा असते, आजोबांना ऊन असेपर्यंत घरी परतता येतं, आणि पाणीपुरीवाल्या भैयाचा धंदा संध्याकाळी असल्यामुळे तोही येऊ शकतो.

आपल्याकडे एक विनंती. आपल्या अंकात ‘आजचे चित्रपट’ अशी चौकट असते. त्यात ज्या खेळाला मराठी अक्षरं असतील त्या वेळेपुढे तसं स्पष्ट छापावं, नाहीतर ज्याच्यासाठी तो खेळ आहे त्यालाच त्याचा पत्ता लागत नाही. सांगली-मिरजेतल्या कुणा थिएटरमालकाच्या हे मनावर आलं तर दिवाळीच्या सुमारास करावं. आम्ही तेव्हा गावी येतो. वडिलांना मी आधीच सांगून ठेवलं आहे. ते म्हणाले, सिनेमा विनोदी असला तरच येईन.

आपली,
एक वाचक, मूळ मिरज
हामामात्सु, जपान